बारा तासांची पाळी : होमस्टेड, ६ जुलै १८९२

पिट्सबर्गजवळ मोनाँगहिला नदीच्या काठी होमस्टेड नावाचं गाव आहे. गावातल्या ईस्ट एट्थ ॲव्हेन्यूवर विटांची एक तीनमजली इमारत उभी आहे. तिचं नाव बॉस्ट बिल्डिंग. १८९२ साली ती हॉटेल म्हणून बांधली गेली, पण हॉटेल म्हणून बस्तान बसायच्या आधीच तिथे दोन तऱ्हेची माणसं येऊन थांबली. एक, पोलाद कामगारांच्या युनियनचे पुढारी. त्यांनी आपली कचेरीच तिथे थाटली. दुसरे, अमेरिकेतून आणि थेट इंग्लंडहून आलेले वार्ताहर. आज ती राष्ट्रीय स्मारक आहे, आत त्या भागातल्या पोलाद उद्योगाचं संग्रहालय आहे.

मुलीकडे गेले होते तेव्हा एका दुपारी मी ती पाहायला गेले. माझे बाबा परळच्या एका गिरणीत होते, बहुतेक वर्षं रातपाळीला. आमच्या चाळीत घड्याळ फार थोड्या घरांत होतं. वेळ भोंग्यावरून कळायची. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि ते भोंगे थांबले, तेव्हा मी शाळेत होते. पहाटे जाग यायची, पण किती वाजले ते कळायचं नाही. बॉस्ट बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर उभी राहिले तेव्हा ती पहाट आठवली, कारण होमस्टेडची गोष्टही एका भोंग्याभोवतीच फिरते. ती तासातासाने सांगावी लागते. त्या दिवशी प्रत्येक तासाला कुणीतरी हे थांबवू शकलं असतं, आणि प्रत्येक तासाला तो माणूस दुसरीकडेच होता.

२३ जून, पिट्सबर्ग. तेरा दिवस आधी

होमस्टेडचा कारखाना अँड्र्यू कार्नेगीचा. कारभार पाहायला हेन्री क्ले फ्रिक. कारखान्यात सुमारे ३,८०० माणसं, त्यातले जेमतेम ८०० कुशल कारागीर युनियनचे सभासद. त्यांची मजुरी बिलेटच्या, म्हणजे पोलादाच्या कच्च्या चौकोनी सळईच्या बाजारभावावर ठरायची. भाव वर गेला की मजुरी वर, खाली आला की खाली. पण एका तळाच्या खाली ती जायची नाही. हा तळ टनामागे २५ डॉलर होता. कंपनीला तो २२ वर आणायचा होता. बैठकीत कंपनी २३ पर्यंत चढली आणि युनियन २४ पर्यंत उतरली.

अंतर उरलं ते एका डॉलरचं. शिवाय कंपनीला कराराची मुदत जूनअखेरीऐवजी डिसेंबरअखेर संपायला हवी होती. ही मागणी वरवर साधी वाटते. पण ऐन थंडीत, कोळसा विकत घेऊन घर उबदार ठेवायच्या दिवसांत, कोण संप करू शकतो? कामगारांनी ते बरोबर ओळखलं होतं.

बैठक मोडली. दोन दिवसांनी फ्रिकने पिंकर्टन या खासगी पहारेकरी पुरवणाऱ्या एजन्सीला पत्र लिहून ३०० पहारेकरी मागवले. दर माणशी दिवसाला पाच डॉलर. कारखान्याभोवती लाकडी फळ्यांचं उंच कुंपण आधीच उभं राहिलं होतं, वर काटेरी तारा, फळ्यांना ठरावीक अंतरावर भोकं. कामगार त्याला 'फोर्ट फ्रिक' म्हणायचे. मालक म्हणायचे, ती भोकं बाहेर नजर ठेवायला आहेत. कामगारांना त्यांत बंदुकीच्या नळीची जागा दिसत होती.

कार्नेगी स्वतः स्कॉटलंडमध्ये होता. १८८६ साली याच माणसाने मासिकात लेख लिहून संघटना करण्याचा कामगारांचा हक्क मान्य केला होता. होमस्टेडच्या कितीतरी घरांना ते ठाऊक होतं, आणि त्यावर त्यांचा विश्वास होता. मालक इथे असता तर असं झालं नसतं, असं ते मनापासून म्हणत होते. पण कारभार कसा चालवायचा याची मोकळीक देऊनच तो गेला होता.

३० जून, मध्यरात्र

करार संपला. टाळेबंदी त्याआधीच सुरू झाली होती. भट्ट्या थंड.

५ जुलै, सकाळ. पहिल्या गोळीला वीस तास

बॉस्ट बिल्डिंगमध्ये बसत होती ती ॲडव्हायझरी कमिटी. युनियनच्या आठ शाखा, प्रत्येकीचे पाच प्रतिनिधी, असे चाळीस जण. अध्यक्ष ह्यू ओडॉनेल. गावचा नगराध्यक्ष जॉन मॅकलकी, तोही कारखान्यातलाच माणूस. या चाळिसांनी आठवडाभर गाव चालवला, आणि तो कसा चालवला हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दारूच्या गुत्त्यांना तंबी दिली गेली. गावात शिरणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाची विचारपूस व्हायची. नदीच्या दोन्ही काठांवर आणि रेल्वेच्या फाट्यांवर पाळ्या लावून पहारेकरी उभे केले गेले. नदीत गस्तीला एडना नावाची वाफेवरची होडी भाड्याने घेतली होती. तारा सतत येत-जात होत्या. संपाच्या काळात गाव असा ताब्यात ठेवणं सोपं नसतं. गिरणगावात ज्यांनी संपकाळात चाळीचाळीत समित्या चालवल्या, त्यांना हे सांगायची गरज नाही.

त्या सकाळी काउंटीचा शेरीफ विल्यम मॅकक्लिअरी आला. कंपनीने त्याच्याकडे संरक्षण मागितलं होतं. कमिटीने त्याला सांगितलं, कारखान्याचा पहारा आम्हीच करतो, आमचीच माणसं तुमचे शिपाई म्हणून नेमा, एका खिळ्यालाही धक्का लागणार नाही. शेरीफने नकार दिला. तेव्हा कमिटीने आता पुढची जबाबदारी आमची नाही म्हणून आपण बरखास्त झाल्याचं जाहीर केलं आणि आपले कागद जाळले.

कमिटी बसत होती त्या खोलीत मी जरा जास्त वेळ थांबले. इथे एक दार उघडं होतं. कारखाना कामगारांच्याच पहाऱ्यात राहिला असता, बोलणी चालू राहिली असती. शेरीफला कायद्याच्या चौकटीत ते बसवता आलं नाही, की बसवायचंच नव्हतं, हे त्याच्या मनाला ठाऊक. तो पिट्सबर्गला परत गेला.

५ जुलै, संध्याकाळ. अकरा-बारा तास

शेरीफचे थोडेसे शिपाई गाडीने होमस्टेडला आले. लोकांनी त्यांना गराडा घातला, बरखास्त झालेल्या कमिटीच्याच माणसांनी मध्ये पडून त्यांना सुखरूप परत पाठवलं. कुणाला ओरखडाही आला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण दुसऱ्या दिवशी देशभर हेच लोक हिंस्र जमाव ठरले.

५ जुलै, रात्री साडेदहा. सहा तास

तिकडे ओहायो नदीवर, पिट्सबर्गच्या खाली, डेव्हिस आयलंडच्या बंधाऱ्यापाशी एक खास गाडी येऊन थांबली. तिच्यातून ३०० माणसं उतरली. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो अशा ठिकाणांहून ती गोळा केली होती. त्यांच्यात मुरलेले पिंकर्टन होते, तसे नुकतेच भरती झालेले, नोकरीच्या जाहिरातीवर आलेले बेकार तरुणही होते. कुठे जायचं आहे आणि कशासाठी, हे त्यांतल्या अनेकांना सांगितलेलंच नव्हतं.

बंधाऱ्यापाशी दोन बार्ज तयार होते, आयर्न माउंटन आणि मोनाँगहिला. हे बार्ज म्हणजे लांबलचक, सपाट, स्वतःचं इंजिन नसलेलं धूड. एकावर झोपायची सोय, दुसऱ्यावर स्वयंपाक आणि जेवणाची. विंचेस्टर बंदुकांच्या पेट्या आधीच चढवलेल्या. ओढायला दोन टग, लिटल बिल आणि टाइड.

या बार्जना स्वतःचं इंजिन नव्हतं, हे ध्यानात असू द्या. पुढचं सगळं त्यावरच येणार आहे.

मध्यरात्र. साडेचार तास

दिवे मालवून बार्ज निघाले. वाटेत टाइड बिघडला. लिटल बिलने दोन्ही बार्ज एकट्याने ओढायला घेतले. आत कारखान्याचा अधीक्षक जॉन पॉटर होता आणि शेरीफचा एक हस्तक, कर्नल ग्रे. म्हणजे कायद्याचा माणूस बोटीवर होता, पण कायदा सांगायला काठावर कुणीच नव्हतं.

६ जुलै, पहाटे अडीच-तीन. दीड-दोन तास

पिट्सबर्गच्या स्मिथफील्ड स्ट्रीट पुलावर कामगारांचा एक पहारेकरी होता. त्याने अंधारात सरकणारे दोन बार्ज पाहिले. होमस्टेडला तार गेली.

होमस्टेडच्या वीजघराचा भोंगा वाजला.

इथे मला बाबांची आठवण येणं साहजिक होतं. भोंगा म्हणजे कामावर चला. झोपेतही पाय खाली टेकतात. त्या रात्री तोच आवाज झाला आणि अख्खं गाव, पुरुष, बाया, पोरं, अर्ध्या कपड्यांत रस्त्यावर आलं. एक घोडेस्वार गल्ल्यांतून ओरडत गेला. कुणाच्या हातात बंदूक, कुणाच्या हातात कुंपणाची काठी, कुणाच्या हातात काहीच नाही. आठवडाभर बसवलेली व्यवस्था अचूक चालली. पहारेकरी जागा होता, तार वेळेवर पोचली, भोंगा वेळेवर वाजला. आणि त्यामुळेच बार्ज काठाला लागले तेव्हा समोर कमिटीचे चाळीस जण नव्हते; हजारोंचा जमाव होता, त्याला सूचना द्यायला कुणाचा आवाज पुरत नव्हता.

मी हा दोष कमिटीवर टाकत नाही. इशारा द्यायला त्यांनी भोंगा ठेवला होता. कंपनीच्या तीनशे बंदूकधाऱ्यांनी रात्रीच्या अंधारात यावं, ही योजना त्यांची नव्हती.

पहाटे चार. अर्धा तास

बार्ज कारखान्याच्या घाटाला लागले. लोकांनी कुंपण मोडलं आणि ते कारखान्याच्या आवारातून काठापर्यंत धावत आले. पंपहाउसजवळ उतार होता. आज तिथलं पंपहाउस जपून ठेवलेलं आहे. बाकीच्या जागेवर मोठा बाजार झाला आहे, दुकानं, सिनेमागृह, आणि त्यांच्या मध्ये जुन्या कारखान्याच्या बारा चिमण्यांची रांग. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारातल्या मॉलमध्ये राहिलेली ती एक चिमणी मला आठवली. होमस्टेडचा कारखाना १९८६ साली बंद झाला. पंपहाउसपाशी नदी शांत वाहते, काठावर माणसं सायकली चालवतात.

१८९२ च्या त्या पहाटे काठावरून आरडाओरडा चालला होता: उतरू नका, परत जा. बार्जमधून उतरण्यासाठी फळी टाकली गेली. पिंकर्टनांचा कॅप्टन फ्रेडरिक हाइंड पुढे आला. इकडून विल्यम फॉय नावाचा कामगार पुढे झाला.

पहाटे साडेचारच्या सुमारास

गोळी सुटली.

पहिली कुणाची, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. नंतर अमेरिकेच्या संसदेने चौकशी केली, तिथेही दोन बाजूंची दोन उत्तरं आली. हाइंड जखमी झाला, फॉय पडला. मग दोन्हीकडून काही मिनिटं गोळीबार चालला. पिंकर्टन बार्जमध्ये घुसले, लोक उतारावर पोलादाच्या ढिगांमागे दडले. दोन्हीकडची माणसं मेलेली होती.

मग जे घडलं ते पुढच्या सगळ्याचं मूळ. लिटल बिलने जखमींना घेतलं आणि तो निघून गेला. बार्ज तिथेच राहिले. इंजिन नाही, ओढायला टग नाही, काठावर हजारो माणसं. पिंकर्टनांना पुढे येता येईना की मागे जाता येईना. आपण भीषण घटना म्हणतो तेव्हा बहुधा पहिल्या गोळीचा विचार करतो. मला वाटतं होमस्टेडची खरी भीषण घटना म्हणजे हा टग दूर जाणं. त्यानंतर परत फिरायचं ठरवलं असतं तरी ते कुणाच्या हातात नव्हतं.

सकाळी आठ

पिंकर्टनांनी पुन्हा उतरायचा प्रयत्न केला. पुन्हा गोळीबार. आणखी चार कामगार गेले. बार्जच्या आतही फूट पडली होती. नव्याने भरती झालेल्यांपैकी बरेच आता गोळी चालवायला तयार नव्हते. पंपहाउसमधून बाहेर डोकावणाऱ्या जॉन मॉरिसच्या कपाळात गोळी लागली.

पावणेअकरा

लिटल बिल परतला. बार्ज ओढून न्यायचा त्याचा बेत होता. काठावरून त्याच्यावर इतक्या गोळ्या आल्या की तो तसाच वळला. सुटकेची ही एक वाट होती, आणि ती कामगारांनी बंद केली. रागाच्या भरात, आपल्या माणसांची प्रेतं समोर पाहून. पण बंद केली हे खरं आहे, आणि कामगारांच्या बाजूने लिहिताना ते गाळायचं मला पटत नाही.

दुपार

आता लढाईला काही दिशा राहिली नाही. तेलात भिजवलेल्या लाकडांचा पेटता तराफा नदीवर सोडला, तो बार्जपर्यंत पोचला नाही. रुळांवरून पेटती डबागाडी ढकलली, ती पाण्याच्या काठाशी थांबली. डायनामाइटच्या कांड्या फेकल्या. नदीवर तेल ओतून पेटवायचा प्रयत्न झाला. दोन दिवसांपूर्वीच्या, ४ जुलैच्या सणासाठी आणलेले फटाके उडवले. एका जुन्या तोफेतून पलीकडच्या काठावरून गोळे सोडले, त्यांतला एक कारखान्याच्या आवारात पडला आणि सायलस वेन नावाचा त्यांच्याच बाजूचा कामगार ठार झाला.

बार्जमध्ये उन्हाने आणि गर्दीने घुसमट. बाहेर पांढरा फडका दाखवला की गोळी यायची.

हॅरिसबर्गला, राज्याच्या राजधानीत, गव्हर्नर रॉबर्ट पॅटिसनकडे शेरीफची तार गेली होती: फौज पाठवा. गव्हर्नरने उत्तर दिलं की स्थानिक अधिकाऱ्यांनी आधी आपले सगळे उपाय वापरावेत. शेरीफ पिट्सबर्गला. फ्रिक पिट्सबर्गला, आपल्या कचेरीत. कार्नेगी समुद्रापार. मी बॉस्ट बिल्डिंगमध्ये भिंतीवरच्या छायाचित्रांसमोर उभी राहून ही नावं आणि ठिकाणं एकमेकांशी जुळवत होते. नदीकाठी होती ती एकीकडे पाच डॉलरांच्या आशेने आलेली पोरं आणि दुसरीकडे एका डॉलरसाठी अडलेली कामगार माणसं.

दुपारी चार

युनियनचा राष्ट्रीय अध्यक्ष विल्यम वीही कारखान्यात येऊन बोलला. शांत व्हा, त्यांना जाऊ द्या. लोकांनी हुर्यो केली. आजूबाजूच्या कारखान्यांतून, ब्रॅडॉक, ड्युकेन, साउथ साइडहून, आणखी हजारो कामगार येऊन मिळाले होते. मग ओडॉनेल बोलला, आणि हळूहळू लोक ऐकू लागले.

दुपारी पाच

पांढरं निशाण वर आलं, या वेळी कुणी गोळी घातली नाही. ओडॉनेलने पिंकर्टनांना सुरक्षित वाटेची हमी दिली.

पहाटे साडेचार ते दुपारी पाच. बारा तास, वर थोडे. कारखान्याची पूर्ण पाळी.

हमी पाळता आली नाही. पिंकर्टन शस्त्रं टाकून बाहेर आले तेव्हा काठापासून वर गावापर्यंत लोकांच्या दोन रांगा होत्या आणि त्यांच्या मधून त्यांना जावं लागलं. लाथा, दगड, काठ्या. बायकाही पुढे होत्या. त्यांतल्या कितीतरी जणींचा दिवस घरी प्रेत येतं की काय या धास्तीत गेला होता. कमिटीची माणसं पिंकर्टनांना आपल्या अंगाआड घेत होती, तीही मार खात होती. मार लागलेले पिंकर्टन गावच्या ऑपेरा हाउसमध्ये कोंडून ठेवले. रिकामे बार्ज लुटून पेटवून दिले.

हे दृश्य मी बाबांना सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते, याचा मी विचार करते. बाबांनी कधी कुणावर हात उगारला नव्हता. पण संपाच्या दुसऱ्या वर्षी, घरातलं सगळं विकून झाल्यावर, गिरणीत बदली म्हणून कामावर जाणाऱ्या शेजाऱ्याशी त्यांनी बोलणं सोडलं, ते कायमचं. त्या माणसाचीही मुलं उपाशी होती. हे मला पुढे कळलं. बाबांना तेव्हाही कळत होतं.

७ जुलै, मध्यरात्रीनंतर

शेरीफ मॅकक्लिअरी खास गाडी घेऊन होमस्टेडला आला आणि पिंकर्टनांना घेऊन गेला. दिवसभरात गावात आलेला तो कायद्याचा पहिला माणूस.

सर्वसाधारणपणे सांगितला जाणारा हिशोब असा: सात कामगार आणि तीन पिंकर्टन मेले. जखमी कितीतरी.

१२ जुलैला राज्याची फौज उतरली, जनरल स्नोडेनच्या हाताखाली ८,५०० सैनिक. कमिटीच्या माणसांनी बँड लावून त्यांचं स्वागत करायची तयारी केली होती, त्यांना वाटत होतं फौज निष्पक्ष असेल. फौजेने कारखान्याचा ताबा घेतला आणि कुंपणाच्या आतून नवे कामगार कामाला लागू लागले. २३ जुलैला अलेक्झांडर बर्कमन नावाच्या न्यूयॉर्कच्या तरुणाने फ्रिकवर त्याच्या कचेरीत गोळ्या झाडल्या. संपाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण कामगारांबद्दल लोकांच्या मनात जी सहानुभूती होती ती त्याने घालवून टाकली. फ्रिक वाचला. मग खटले: खुनाचे, दंग्याचे, राजद्रोहाचे. ज्युरींनी कामगारांना दोषी ठरवायला नकार दिला, पण तोवर युनियनचा पैसा आणि माणसं कोर्टात अडकली होती.

थंडी आली. कराराची मुदत हिवाळ्यात नको म्हणून सुरू झालेलं भांडण शेवटी हिवाळ्याच्या तोंडाशीच संपलं. होमस्टेडच्या पोलादातून युनियन गेली, आणि पुढे कित्येक वर्षं बारा तासांची पाळी हाच नियम झाला.

२० नोव्हेंबरला कामावर परत जायचं की नाही यावर युनियनच्या शाखांनी मतदान केलं. परत जायच्या बाजूने १०१, विरुद्ध ९१. चार महिन्यांपूर्वी जे गाव भोंग्यावर उठून नदीकाठी गेलं होतं, त्यातली मोजून १९२ मतं.

संग्रहालयातून निघताना मी मुलीला हे आकडे सांगितले. तिने विचारलं, आजोबांच्या संपात किती मतं पडली? मी सांगितलं, मतदान झालंच नाही. तो संप अजून कुणी मागे घेतलेला नाही.